मुक्काम पोस्ट ब्लाएनलेखी

बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये, एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, संडासाच्या शेजारी एक रेल्वे स्टेशन आहे. स्टेशनचं नाव ब्लाएनलेखी. तिथे कधी पाऊस पडत नाही, तरी सगळं ओलं दिसतं, कारण आमचे जावईबापू दर रविवारी डोंगराला वॉर्निश मारतात. स्टेशनात वेटिंग रूम आहे, स्टेशनमास्तरचं कौलारू घर आहे, पाण्याची टाकी आहे, कुंपणाशी चरणाऱ्या मेंढ्या आहेत. फक्त माझी खाट नाही. एरवी कुठल्याच स्टेशनात माझी खाट नसते आणि त्याचं मला दुःख नाही. पण हे स्टेशन माझ्या खोलीत आहे.

मी विश्वेश्वर देवतळे. नागपूरचा. पाटबंधारे खात्यातून बडेबाबू म्हणून निवृत्त झालो. कस्तुरीची आई गेल्यावर मी आमच्या फ्लॅटमध्ये एकटा आणि बऱ्यापैकी मजेत राहत होतो. मग एके दिवशी न्हाणीघरात घसरलो आणि तिथेच पडून राहिलो, मोलकरीण येईपर्यंत. हाड मोडलं नाही, पण माझी मुलगी कस्तुरी इतकी घाबरली की तिने त्याच संध्याकाळी माझं उरलेलं आयुष्य आखून टाकलं.

"बाबा, आता बस. इकडे या. कायमचे," ती फोनवर म्हणाली. "दोन बेडरूम आहेत. एक आमची, एक तुमची."

"लेखी दे," मी म्हटलं.

ती हसली. मीही हसलो. आमच्या खात्यात तोंडी आदेशाला कोणी विचारत नसे. साहेब तोंडाने हजार गोष्टी बोलत. कागदावर आली तेवढीच खरी. चाळीस वर्षं ज्या नियमावर पगार घेतला तो मी लेकीच्या प्रेमात विसरलो आणि बॅगा भरल्या. नागपूरचा फ्लॅट खालच्या मजल्यावरच्या परसूभाऊंना त्यांच्या मुलासाठी हवा होता. बोलणं झालं. कागद तयार व्हायचे होते. मग एकदा नागपूरला जाऊन सही करायची आणि किल्ल्या त्यांच्या हातावर ठेवायच्या, एवढंच उरलं होतं.

बंगळूरला उतरलो. घरी आलो. कस्तुरी म्हणाली, "बाबा, आधी चहा घ्या," आणि तिचा चेहरा पाहूनच मला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. माझ्या खोलीच्या दारावर पाटी होती, अगदी वळणदार अक्षरात: 'डोंगरास हात लावू नये. आपल्यामुळे तो वाढणार नाही.' तिच्याखाली दुसरी: 'गाडी का थांबली असे विचारू नये. थांबायची होती म्हणून थांबली.'

जावईबापू पुण्याचे आहेत, हे सांगायचं राहिलं.

दार उघडलं तर आत एक अख्खा देश. खिडकीपासून कपाटापर्यंत प्लायवूड, त्यावर थर्माकोल आणि प्लॅस्टरचा करडा डोंगर, डोंगराला खाणीचे खड्डे, स्पंजची झाडं आणि या सगळ्यातून वळसे घेत खाली येणारे वीतभरसुद्धा रुंद नसलेले रूळ. मध्ये ते स्टेशन. जावईबापू क्षितिजराव टॉर्च डोक्याला बांधून डोंगराखालून बाहेर आले, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "बाबा, वेलकम! सॉरी हं, थोडा ओव्हररन झालाय प्रोजेक्ट. पेंट वाळला की लगेच शिफ्ट करतो. तोवर हॉलमध्ये सोफा-कम-बेड आहे, एकदम कम्फर्टेबल."

माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं! चांगला कडाकडा भांडलो असतो आणि पुढची गाडी पकडून परत गेलो असतो. पण हा जावई देवाला वाहिलेल्या फुलासारखा निर्मळ. स्वतःच्या हाताने मला चहा करून देतो, गुडघ्याला लावायचं तेल आणतो, ऑफिसातून येताना न विसरता संत्री आणतो. नागपूरच्या माणसाला बंगळूरात विकत घेतलेली संत्री खायला घालणं याला काय म्हणावं ते मला माहीत नाही, पण भाव चांगलाच होता.

माझ्या वडिलांच्या पिढीत लेकीच्या घरचं पाणी पीत नसत. मी सुधारक. मी पाणी पितो, चहा पितो, भात दोनदा वाढून घेतो. फक्त मागत नाही. जावयाकडे तोंड उघडून काही मागायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. हा आजार आमच्या घराण्यात बापाकडून पोराकडे येतो आणि त्यावर औषध नाही. कस्तुरी मात्र बोलायची. त्यांच्या खोलीचं दार बंद झालं की तिचा आवाज चढे, त्यांचा समजुतीचा सूर येई, आणि सकाळी नवीन तारीख मिळे. पेंट वाळला. मग गवत चिकटवायचं राहिलं. गवत झालं, तर क्लबची मंडळी बघायला यायची होती. "त्यांनी एकदा बघितलं की लगेच, बाबा. प्रॉमिस." तोंडी.

हॉलमध्ये राहण्याचे फायदे पुष्कळ. दाराची बेल वाजली की सगळ्यांत आधी मी पोचतो, कारण मी तिथेच असतो. भाजीवाला, कुरियरवाला, बिनबोलावता येणारा पाणी-मीटरवाला, सगळे मला नावाने ओळखू लागले. दुपारी जरा डोळा लागला की कस्तुरीच्या मैत्रिणी पायांचा आवाज न करता माझ्या उशापासून जात, जणू मी गेलेलोच आहे आणि मंडळी दर्शनाला आली आहेत.

एका रविवारी क्षितिजरावांनी मला स्टूल दिलं आणि सगळं समजावून सांगितलं. ही म्हणे वेल्स देशातल्या डोंगरातली स्लेटची रेल्वे. त्यांना कंपनीने एकदा इंग्लंडला पाठवलं होतं, तेव्हा शनिवार-रविवार काढून ते तसलं एक स्टेशन पाहायला गेले. त्या दिवशी पाऊस होता आणि गाडी बंद होती. त्यांनी कुंपणाबाहेरून स्टेशन पाहिलं आणि तेव्हापासून हे वेड घेतलं. न चाललेल्या गाडीवर एवढं प्रेम! न वाहिलेल्या कालव्यांवर असं प्रेम करणारे इंजिनियर मी फक्त आमच्या खात्यात पाहिले होते.

"म्हणजे डोंगरातून पाट्या आणायची गाडी," मी म्हटलं. मला खरंच बरं वाटलं. "जगातल्या पोरांना शाळेत पाट्या लागत असतील. कोणी विचारच केला नाही की त्या येतात कुठून."

क्षितिजराव हसू दाबत म्हणाले, "बाबा, शाळेच्या पाट्या नाही! म्हणजे थोड्या असतील. ही स्लेट घरांच्या छपरांवर घालायची. कौलांसारखी."

"आणि हे लेखी काय आहे? ब्लाएनलेखी?"

"नाव मीच बनवलंय. वेल्श भाषेत लेखी म्हणजे स्लेट्स. पाट्या."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "पाटीवर आलं की लेखी."

त्यांना ते फार आवडलं. त्यांनी ते ताबडतोब क्लबच्या ग्रुपवर टाकलं.

सोसायटीसमोरच्या बागेत मला मल्हारराव भेटत. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून बंगळूरात आहे, आणि मराठी अशी की निम्मी कळते, निम्मी चेहऱ्यावरून घ्यावी लागते. मी त्यांना माझी व्यथा सांगितली.

"सांगा की हो जावयाला, अण्णा," ते म्हणाले. "स्वल्प जागा करा म्हणायचं. सरी, झालं!"

"जावयाला कसं सांगू?"

"तोंडानं!"

"ते तोंडच उघडत नाही ना."

त्यांनी मान हलवली. "अण्णा, आमी एवढी पिढ्या इथं आहोत. अजून लोक विचारतात, तुमचं गाव कोणतं, परत कधी जाणार? घर असलं तर माणूस इथला. हॉलात बसला तर आलेला पाहुणा. किल्ली देऊ नका बघा अजून, नागपूरची."

मी दिलेली नव्हती. पण परसूभाऊंचे कागद तयार झाले होते आणि त्यांचा फोन येऊ लागला होता. मी आज-उद्या करत होतो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. सही केली की नागपूरचं दार बंद, आणि इथलं अजून उघडलेलं नाही. मधल्या मध्ये माझ्यासारख्या म्हाताऱ्याने राहायचं कुठे? सोफ्यावर?

मग तो शनिवार आला. क्लबची मंडळी आली. सगळे मोठमोठ्या पगारांचे, सगळ्यांच्या हातात चहा आणि डोळ्यांत खेळण्याच्या दुकानासमोर उभ्या पोराची भूक. त्यांचा म्होरक्या प्रणीत नावाचा एक दाढीवाला. त्याने स्टेशनाच्या छपरावरून बोट फिरवून "खरी स्लेट?" असं विचारलं आणि खरी आहे म्हटल्यावर सगळ्यांनी मिळून एक उसासा सोडला. माझं अंथरूण त्या दिवशी कस्तुरीने गुंडाळून गच्चीवर ठेवलं होतं, म्हणजे कोणाची अडचण नको.

"आता सरप्राइज!" क्षितिजराव म्हणाले. "बाबा, पुढे या ना."

मी पुढे झालो. त्यांनी मला फलाट दाखवला. तिथल्या बाकड्यावर बोटाच्या पेरापेक्षाही छोटा एक माणूस बसवलेला होता. डोक्याला तपकिरी माकडटोपी, अंगात माझा निळा स्वेटर, पायांत माझ्यासारख्या चपला, शेजारी माझी निळी बॅग. चष्मासुद्धा होता, तारेचा.

"तुम्ही!" क्षितिजराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, मी शपथेवर सांगतो. "आपल्या स्टेशनवर बाबांची कायमची जागा. फेविक्विकने चिकटवलंय, आता निघणारच नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा आणि माझा एकत्र फोटो काढला. मी त्या चिमुकल्या म्हाताऱ्याकडे पाहत राहिलो. पायाशी बॅग घेऊन, गाडीची वाट बघत, छपराबाहेर. मेंढ्यांनासुद्धा कुंपण होतं.

"छान आहे," मी म्हटलं. "बाकड्यावर बसवलं हे बरं केलं. उभं राहायला गुडघे नाहीत."

लोक हसले. प्रणीतने विचारलं, आता गाडी चालवून दाखवणार का? क्षितिजरावांनी खाणीवरून डबे सोडले आणि ते इंजिनाशिवाय, आपल्याच वजनाने, वळणं घेत खाली आले. तेव्हा क्षितिजराव सांगू लागले, की खऱ्या गाडीलाही खाली येताना इंजिन लागत नसे, उतारच तसा होता. पण रिकामे डबे परत वर ओढायला घोडे लागत. मग ते घोडे खाली कसे यायचे? तर गाडीच्या शेवटी त्यांच्यासाठी एक वेगळा डबा असायचा, आत गवत टाकलेलं. घोडे आरामात त्यात उभे राहून उतरत. तो डबाही त्यांनी बनवला होता, आत दोन तपकिरी घोडे.

"घोड्यांना स्वतःचा डबा होता?" मी विचारलं.

"हो ना बाबा! अमेझिंग ना?"

"अमेझिंग," मी म्हटलं.

कस्तुरी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती एकदम वळली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून कप आपटल्याचा आवाज आला. कोणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसूभाऊंचा फोन आला. हॉलात काही खासगी नसतं. मी बोलत होतो आणि समोर जावईबापू पोहे खात होते. परसूभाऊ म्हणाले, पुढच्या आठवड्यात येता का सहीला, पोराला घर लावायचं आहे. मी म्हटलं, "परसूभाऊ, थांबा जरा. मी विकणार नाही बहुतेक. परत येऊन राहिलो."

क्षितिजरावांचा चमचा हवेत थांबला. "परत? बाबा, का? इथे काही कमी आहे का?"

बघा! हा माणूस खरोखर विचारत होता. बोलायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते असं: "नाही हो. सगळं उत्तम आहे. हवामान तेवढं मानवत नाही."

बंगळूरचं हवामान मानवत नाही असं म्हणणारा मी पहिला नागपूरकर असेन. कस्तुरीने माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि घराबाहेर निघून गेली. मला तिची फार दया आली, आणि माझाच राग आला. चाळीस वर्षं मंत्रालयापर्यंत पत्रं लिहिली आणि आता एका पोराला एक वाक्य सांगता येत नव्हतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सांगता येत नसेल तर सांगूच नये. पुण्याची माणसं काय करतात? शेजाऱ्याशी बोलत नाहीत, पाटी लावतात. आणि मी तर जन्मभर लेखीच्याच पगारावर जगलो.

मी खाली उतरलो आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात शाळेची पाटी मागितली. दुकानदाराने माळ्यावरून धूळ झटकून एक काढली, लाकडी चौकटीची. "बळपा बेका, सर?" त्याने विचारलं आणि माझा चेहरा पाहून पेन्सिलच दाखवली. "नातवाला?"

"जावयाला," मी म्हटलं.

घरी येऊन सोफ्यावर बसून लिहिली आणि त्यांच्या दोन पाट्यांच्या खाली, खोलीच्या दाराला टांगली:

'प्रति, मा. स्टेशनमास्तर, ब्लाएनलेखी.
विषय: घोड्याइतकी जागा मिळणेबाबत.
महोदय, अर्जदार डोंगर चढून वर आलेला आहे. तो परत उतरण्यापूर्वी निर्णय व्हावा ही वीनंती.
वि. दे.'

आणि बागेत जाऊन मल्हाररावांशेजारी बसलो. सारखा पाचव्या मजल्याकडे पाहत होतो. खात्यात असताना मी एकदा मंत्र्यांच्या टिपणीवर शेरा मारला होता, तेव्हाही एवढा घाबरलो नव्हतो.

परत आलो तेव्हा क्षितिजराव त्या दाराशी उभे होते. कस्तुरी त्यांच्या मागे. माणूस पुण्याचा, आधी त्यांनी 'वीनंती'ची दीर्घ वेलांटी बोटाने पुसून ऱ्हस्व केली होती. मग उरलेलं वाचलं असावं, कारण चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा," ते म्हणाले, "हे तोंडी सांगता आलं असतं ना."

"तुम्हालाही 'हात लावू नये' तोंडी सांगता आलं असतं, जावईबापू."

ते खाली बसले. तिथेच, दाराशी, फरशीवर. "मला वाटलं तुम्ही एन्जॉय करताय," ते म्हणाले. "तुम्ही प्रश्न विचारायचात. जगात कोणीच मला प्रश्न विचारत नाही याबद्दल. कस्तुरीसुद्धा." आणि मग चक्क रडायला लागले. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण जावयाला जवळ कसं घ्यायचं हेही आमच्या घराण्यात कोणी शिकवलेलं नाही. मी त्यांच्या पाठीवर दोनदा थोपटलं, फायलीवर थोपटतात तसं. ते उठले, पेन्सिल मागितली आणि माझ्या अर्जाखाली लिहिलं: 'मंजूर. स्टे. मा.' आणि सही. सही मात्र पूर्ण केली, झोकदार.

त्याच दुपारी करवत आली. डोंगराचे तुकडे झाले. खाण, वळणं आणि घोड्यांचा डबा प्रणीत गाडीत घालून घेऊन गेला, डोळे पुसत. फक्त स्टेशन तेवढं राहिलं. ते मीच ठेवायला सांगितलं. मला त्याची सवय झाली होती. त्यांनी ते भिंतीवरच्या फळीवर बसवलं, माझ्या नव्या खाटेच्या उशाशी. लोहारकामासारखा आवाज करत खाट जोडताना त्यांनी स्वतःचा अंगठा ठेचून घेतला आणि तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हापासून मला ते मनापासून आवडतात.

लेखी मिळालं होतं. मी नागपूरला गेलो आणि सही केली. परसूभाऊंच्या पोराने किल्ल्या घेतल्या, पाया पडला, आणि त्याच्या बायकोने मला माझ्याच स्वयंपाकघरातला चहा पाहुण्यासारखा आणून दिला. कस्तुरीच्या आईने भिंतीवर पोरीची उंची मोजून केलेल्या खुणांवर ते लोक रंग देणार होते. मला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

बंगळूरला परत आलो. माझ्या खोलीत आलो, दार लावलं, खाटेवर बसलो. सवयीने फळीकडे पाहिलं. बाकडं रिकामं होतं. मी चष्मा पुसून जवळ गेलो, तर मी स्टेशनमास्तरच्या घरात होतो. स्लेटच्या छपराखाली, खिडकीशी, आत. माकडटोपी दिसत होती, चष्मा दिसत होता. मात्र बाहेर फलाटावर, बाकड्यासमोर, दोन चपला चिकटलेल्या होत्या, आणि चपलांत घोट्यापर्यंतचे दोन पाय.

दारावर टकटक झाली. क्षितिजराव होते. आता ते टकटक करूनच येतात.

"बाबा, सॉरी," ते म्हणाले. "आत नेताना निघेचनात. फेविक्विक होतं ना. नवीन पाय करून लावू का?"

नागपूरला जे आलं नाही ते सगळं तेव्हा आलं. त्यांनी घाबरून कस्तुरीला हाक मारली, पण मी हात वर करून त्यांना थांबवलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "आता कुठे जायचंय."